बंदुकीची निगा : नियमांमागचा इतिहास

श्रोतेहो, आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. वसंतातल्या या प्रसन्न संध्याकाळी काव्य, तत्त्वज्ञान, राजकारण असे विषय ऐकण्याची आपल्याला सवय. तेथे बंदूक कशी पुसावी आणि कशी धरावी, याचा इतिहास कोण ऐकणार? पण आम्हाला असे वाटते की, इतिहासाची पुस्तके आपल्याला लढाया सांगतात आणि लढाईच्या दिवसाची संध्याकाळ मात्र सांगत नाहीत. शिपाई त्या संध्याकाळी काय करीत होता? जेवणाआधी तो बंदूक धूत होता. हे काम त्याने टाळले असते, तर पुढच्या लढाईत ती बंदूक त्याच्या उपयोगी पडली नसती. कदाचित त्याच्याच जिवावर उठली असती.

या साध्या कामाभोवती चारशे-पाचशे वर्षांत जे नियम जमले, त्यांतला एकही नियम कोणी विद्वानाने खोलीत बसून केलेला नाही. प्रत्येक नियमामागे काही तरी अपघात आहे, कोणाचा तरी जीव गेलेला आहे. पण नियम नुसता शहाणपणाचा असून भागत नाही. ज्याने तो पाळायचा त्याला त्यामागचे कारण कळावे लागते आणि सांगणाऱ्यावर त्याचा विश्वास असावा लागतो. हा विश्वास तुटला तेव्हा काय झाले, याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच देशात घडले. तेथवर आपण पायरीपायरीने जाऊ.

पहिली पायरी म्हणजे दारू. जुन्या काळ्या दारूत तीन जिनसा असत : सोरा, कोळसा आणि गंधक. स्थिरावलेले प्रमाण शंभर भागांत 75 भाग सोरा, 15 भाग कोळसा आणि 10 भाग गंधक असे आहे. ही दारू पेटली म्हणजे तिचा सगळा धूर होऊन जातो, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात तिच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक भाग घन रूपाने मागे उरतो. त्यातला काही दाट पांढऱ्या धुरातून उडून जातो आणि उरलेला काजळीसारखा नळीच्या आतल्या अंगाला चिकटून बसतो. ही काजळी क्षारयुक्त असते; ती हवेतला ओलावा ओढून घेते आणि रात्रीतून लोखंडाला गंज चढवू लागते. पावसाळ्याच्या दिवसांत तर विचारूच नका. सुदैवाने हे क्षार पाण्यात विरघळतात. म्हणून जगभरच्या शिपायांनी एकच उपाय शोधून काढला : गरम पाण्याने नळी धुवायची, गजाला चिंधी गुंडाळून ती कोरडी करायची आणि मग तेलाचा हात फिरवायचा. गरम पाणी अशासाठी की ते लवकर सुकते. आपल्याकडचे गावठी बंदूकवाले आणि युरोपातले पलटणी शिपाई यांना एकमेकांचा पत्ता नव्हता, पण दोघांची रीत एकच होती. कारण दारूचा स्वभाव सगळीकडे एकच.

दुसरी पायरी विस्तवाची. आरंभीची बंदूक तोड्याची. तोडा म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळविलेली, धुमसत राहणारी दोरी. नळीच्या बुडाशी जे बारीक छिद्र असे, त्याला बंदुकीचा कान म्हणत. त्याच्यापाशी रंजक घालायची आणि चाप ओढला की जळता तोडा त्या रंजकीवर टेकायचा. आता कल्पना करा : शिपायाच्या एका हातात जळती दोरी, कमरेला दारूचे शिंगाडे, शेजारी अंगाला अंग लावून उभे असलेले असेच दहा लोक. शत्रूने काही केले नाही तरी अपघात व्हायला एक ठिणगी पुरे. या भीतीतूनच कवायत जन्मली. हॉलंडमध्ये 1607 साली याकोब द गेन याने शस्त्रे हाताळण्याच्या कृतींचे चित्रमय पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात 117 चित्रे आहेत आणि त्यांतली 85 चित्रे केवळ दोन प्रकारच्या बंदुकांची आहेत. बंदूक भरणे ही आपल्याला एक क्रिया वाटते. तिचे चाळीसहून अधिक तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याचे चित्र तेथे काढले आहे. रंजक घालताना तोडा कोणत्या हातात असावा, तो दारूपासून दूर कसा धरावा, रंजकीवरचे झाकण केव्हा लावावे, हे सगळे त्यात येते. कवायत म्हणजे रांगेचा थाट असे आज आपण समजतो. तिचे मूळ कारण असे की, घाबरलेल्या माणसाच्या हातांना विचार न करता योग्य तेच करण्याची सवय लागावी.

ही दक्षता आपल्या राज्यकर्त्यांनाही ठाऊक होती, हे अभिमानाने सांगण्यासारखे आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेले आज्ञापत्र आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या या ग्रंथात गडावरच्या दारूखान्याविषयी सूचना आहेत. दारूखाना राहत्या घरांपासून दूर असावा. दारूची मडकी आणि बस्ते जमिनीवर न ठेवता माचावर ठेवावे. सर्दी लागू देऊ नये. आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने स्वतः येऊन दारू बाहेर काढवून तिला ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोर करून बंद करावे. रात्रंदिवस जागता पहारा असावा आणि परवानगीवाचून कोणालाही जवळ फिरकू देऊ नये. किती थोडक्यात सगळे आले आहे पाहा! दारूला दोन शत्रू : ओलावा आणि विस्तव. ओल लागली तर ती वेळेवर पेटत नाही, आणि ठिणगी लागली तर नको त्या वेळी पेटते. दोहोंचा बंदोबस्त या काही ओळींत आहे. शिवाय कामाची जबाबदारी एका नेमक्या माणसावर टाकलेली आहे.

हा नियम जेथे पाळला गेला नाही, तेथे काय झाले? हॉलंडमधल्याच डेल्फ्ट शहरात दारूचे कोठार भरवस्तीत होते. 12 ऑक्टोबर 1654 रोजी ते उडाले. शहराचा मोठा भाग जमीनदोस्त झाला, शंभराहून अधिक माणसे गेली. त्यांत कारेल फाब्रिशियस हा गुणी तरुण चित्रकारही होता. त्याची बहुतेक चित्रे त्याच्याबरोबर नष्ट झाली असे मानतात. कवायतीचे उत्कृष्ट पुस्तक छापणाऱ्या देशातच हे घडले. शिपायाचा हात शिस्तीत होता. कोठाराची जागा मात्र बेशिस्त होती.

येथे आमच्या मनात आणखी एक गोष्ट येते. खंडेनवमीला आपण शस्त्रांची पूजा करतो. तलवार, बंदूक, आता तर कारखान्यातली यंत्रेही पुसून, तेलपाणी करून, हळदकुंकू आणि झेंडूची फुले वाहून मांडतो. दुसऱ्या दिवशी दसरा, म्हणजे सीमोल्लंघनाचा दिवस. मराठ्यांच्या फौजा पावसाळा संपला की मोहिमेवर निघत. चार महिने दमट हवेत पडून राहिलेले शस्त्र मोहिमेच्या आदल्या दिवशी एकदा बाहेर काढायचे, उलटेसुलटे करून पाहायचे, गंज काढायचा, ही व्यवहाराची गरजच होती. पूजेच्या निमित्ताने ती बिनचूक पार पडे. शस्त्रपूजेचे मूळ केवळ एवढेच आहे असा आमचा दावा नाही; धर्मभावना त्याहून मोठी असते. पण ज्या समाजाने निगा राखण्याला पूजेची जागा दिली, त्याला निगेचे मोल कळले होते, इतके म्हणायला हरकत नसावी.

आता तिसऱ्या पायरीवर येऊ, आणि ही पायरी आपल्याला थेट 1857 सालापर्यंत नेते.

जुन्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असे आणि गोळी तिच्यात थोडी सैल बसे. ती मुद्दामच सैल ठेवीत. कारण दहा-पंधरा बार झाले की आत काजळीचा थर बसे आणि घट्ट गोळी खाली उतरतच नसे. पण सैल गोळी नेमकी जात नाही. नळीला आतून पेचदार खाचा पाडल्या तर गोळी फिरत जाते आणि दूरवर अचूक लागते, हे फार पूर्वीपासून ठाऊक होते. अशा बंदुकीला रायफल म्हणतात. अडचण अशी की, खाचांत रुतेल इतकी घट्ट गोळी काजळी भरलेल्या नळीतून ठासून खाली नेणे मोठे कष्टाचे. म्हणून रायफल बराच काळ शिकाऱ्यांची आणि थोड्या निवडक तुकड्यांची राहिली. 1849 च्या सुमारास फ्रान्समधल्या मिनिए या अधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाणारी गोळी पुढे आली. ती लांबट, बुडाशी पोकळ आणि नळीपेक्षा किंचित बारीक असे. भरताना सहज खाली उतरायची आणि बार होताच दारूच्या जोराने फुगून खाचांत बसायची. याच तत्त्वावर इंग्रजांनी 1853 साली एन्फिल्ड रायफल काढली.

तरीही काजळीचा प्रश्न उरलाच. ती मऊ राहावी आणि गोळी न अडकता उतरावी, यासाठी गोळीभोवतीच्या कागदाला वंगण लावीत. काडतूस म्हणजे त्या वेळी कागदाची सुरळी : एका बाजूस दारू, दुसऱ्या बाजूस गोळी. शिपायाने टोक दातांनी तोडायचे, दारू नळीत ओतायची आणि वंगण लावलेल्या कागदासकट गोळी आत घालून गजाने ठासायची. म्हणजे, श्रोतेहो, ज्या काडतुसांनी एवढा वणवा पेटविला, त्यांवरचे ते वंगण मुळात बंदूक स्वच्छ राहावी यासाठी होते! इंग्लंडच्या थंड हवेतल्या कारखानदाराच्या दृष्टीने तो एक साधा यांत्रिक उपाय होता. त्यात मुख्यतः जनावराची चरबी आणि थोडे मेण असे. चरबी कोणत्या जनावराची, हे विचारण्याचे त्याला कारण वाटले नाही.

हिंदुस्थानात मात्र हाच पहिला प्रश्न होता. आणि तो कोणालाच सुचला नाही असेही नाही. 1853 साली ही काडतुसे आपल्याकडची हवा त्यांना मानवते की नाही हे पाहण्यासाठी आली, तेव्हा बंगालच्या फौजेचा अ‍ॅडज्युटंट जनरल टकर याने लिहून कळविले होते की, एतद्देशीय शिपायांच्या जातिधर्माला बाध येणार नाही असे वंगण असल्याची खात्री झाल्याशिवाय ही काडतुसे त्यांच्या हाती देऊ नयेत. वंगण उन्हाने किती वितळते याची परीक्षा झाली. माणसाच्या मनाला ते कसे लागेल याची परीक्षा झाली नाही. टकरचा इशारा कागदांत राहिला. पुढे कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममध्ये काडतुसे तयार होऊ लागली, तेव्हाही कंत्राटदाराने पुरविलेली चरबी कोणत्या जनावराची हे कोणी तपासले नाही.

जानेवारी 1857 मध्ये कलकत्त्याजवळच्या डमडम येथे बातमी फुटली. एका खलाशाने ब्राह्मण शिपायाकडे लोट्यातले पाणी मागितले. त्याने नकार दिला, तेव्हा खलाशी म्हणाला की, गाईची नि डुकराची चरबी दातांनी तोडाल तेव्हा तुमची जात कोठे राहील? अशी ती हकीकत सांगतात. सरकारने घाईघाईने उपाय केले. शिपायांनी हवे ते वंगण स्वतः बाजारातून आणून लावावे अशी मुभा जानेवारीच्या अखेरीस दिली. पुढे काडतूस दातांऐवजी हातांनी तोडण्याची कवायत ठरविली. उपाय चुकीचे नव्हते. पण त्यांची वेळ गेली होती. बराकपूरच्या चौकशीत शिपायांनी कागदावरच संशय घेतला : हा चकचकीत दिसतो, जाळला तर चरचरतो आणि चरबीचा वास येतो. सरकारच्या प्रत्येक खुलाशातून नवी शंका निघू लागली. दोष नव्हता तर रीत बदलली कशाला, असे लोक विचारू लागले.

26 फेब्रुवारीला बहरामपूरच्या 19 व्या पलटणीने टोप्या घेण्याचे नाकारले. 29 मार्चला बराकपूरला मंगल पांडे उठला आणि 8 एप्रिलला फाशी गेला. 24 एप्रिलला मीरतेच्या कवायतीच्या मैदानावर तिसऱ्या रिसाल्यातल्या 90 निवडक स्वारांपुढे काडतुसे ठेवली गेली. ती नव्या एन्फिल्डची नव्हती; नेहमीची जुनीच होती आणि हातांनी तोडायची होती. तरी 85 जणांनी हात लावला नाही. त्यांतल्या बहुतेकांना दहा वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. 9 मे रोजी साऱ्या फौजेसमोर त्यांच्या पायांत बेड्या ठोकल्या गेल्या आणि 10 मे रोजी मीरत पेटले.

केवळ काडतुसांमुळे 1857 घडले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. 1856 साली अयोध्येचे राज्य खालसा झाले होते. त्याच वर्षी समुद्रापलीकडे जाण्याची अट नव्या भरतीवर लादली गेली होती. जहागिरी बुडाल्या होत्या, शेतकरी पिचला होता. दारू आधीच साठली होती. पण मीरतेच्या मैदानावरची ती गोष्ट आम्हाला फार बोलकी वाटते. त्या दिवशी काडतूस निर्दोष होते आणि कवायतीची रीतही सुधारली होती. नव्हता तो विश्वास. बंदुकीची निगा सांगणाऱ्याने बंदुकीचा विचार केला आणि बंदूक धरणाऱ्या माणसाचा केला नाही, त्याचे हे फळ.

उठाव मोडला. राज्यकर्त्यांनी त्यातून घेतलेला धडा उलटा होता. विश्वास मिळविण्याऐवजी त्यांनी शस्त्र काढून घेतले. हिंदी पलटणींना गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी जुनी बंदूक देण्याचे धोरण पुढे बराच काळ चालले आणि 1878 च्या शस्त्रकायद्याने सामान्य माणसाच्या घरातले हत्यार परवान्याच्या कक्षेत आणले. आपल्या पुढाऱ्यांनी या कायद्याला विरोध केला तो स्वाभिमानापोटी. त्याची आणखी एक बाजू आम्हाला येथे नोंदवाविशी वाटते : घरातून हत्यार गेले, तसे ते कसे हाताळावे हे बापाकडून मुलाकडे येणारे ज्ञानही गेले. उरले ते कुतूहल आणि भीती. बंदुकीजवळ या दोहोंपेक्षा धोकादायक काही नाही.

यानंतर बंदूक झपाट्याने बदलली. कागद जाऊन पितळी काडतूस आले. आपल्या खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना 1869 चा. नळीच्या पुढून ठासण्याऐवजी मागून भरण्याची सोय झाली. 1884 साली फ्रान्समध्ये व्हिएय याने बिनधुराची दारू तयार केली आणि काजळीचा थर जवळजवळ नाहीसा झाला. सर्वांना वाटले, आता धुण्याची कटकट मिटली. पण नव्या बंदुका तेल देऊनही गंजू लागल्या. कारण शोधायला बरीच वर्षे गेली. काडतुसाच्या बुडाशी ठिणगी पाडणारे जे मिश्रण असे, त्यात पोटॅशियम क्लोरेट होते. ते जळून मिठासारखाच एक क्षार नळीत उरत होता. आता मीठ तेलात विरघळत नाही, हे लोणचे घालणाऱ्या कोणत्याही गृहिणीला ठाऊक आहे. वरून कितीही तेल चोपडा, त्याखाली मीठ आपले काम करीतच राहते. म्हणजे जुन्या शिपायाचे गरम पाणीच खरे ठरले! ली-एन्फिल्ड वापरणारा जवान उकळते पाणी नळीतून ओतायचा, मग दस्त्यातल्या खणात ठेवलेली दोरी, जिला पलटणीत पुलथ्रू म्हणतात, चिंदी लावून ओढायचा आणि शेवटी तेल द्यायचा. क्षार न सोडणारी काडतुसे पुढे निघाली; पण जुना साठा वापरणाऱ्याला पाणी अजून सुटलेले नाही.

आता शेवटची गोष्ट, सर्वांत जवळची. कोकणात पिकाच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक आजही अनेक घरांत असते. भिंतीवर टांगलेली ही बंदूक भरलेली आहे की रिकामी, हे पाहून कळत नाही. मागून उघडून पाहण्याची सोयच नाही. जाणत्यांची रीत अशी : टोपी काढायची, तोंड माणसांपासून दूर ठेवायचे, बाजूला उभे राहून गज हलकेच नळीत सोडायचा आणि तोंडाशी खूण करायची. मग तोच गज बाहेरून नळीला लावून पाहायचा. बुडापर्यंत पोहोचला तर बंदूक रिकामी. चार बोटे कमी पडला तर आत बार आहे. एवढी सोपी परीक्षा न करता ‘रिकामीच आहे’ म्हणून साफ करायला घेतलेल्या बंदुकीने किती घरे उजाड केली! म्हणून जगभर पहिला नियम हाच मानतात : प्रत्येक बंदूक भरलेली आहे असे समजा. दुसरा, तिचे तोंड माणसाकडे कधीही नको. तिसरा, नेम घेईपर्यंत बोट चापावर नको. चौथा, लक्ष्याच्या मागे काय आहे हे पाहिल्यावाचून बार नको. आणि साफसफाईच्या वेळी दारूगोळा त्या खोलीतसुद्धा नको.

स्वतंत्र भारताने 1959 साली नवा शस्त्रकायदा केला, आणि 2016 च्या नियमांनी परवाना मागणाऱ्याला शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या शिक्षणाची अट घातली. ही अट आम्हाला फार मोलाची वाटते. ते शिक्षण केवळ दाखल्यापुरते उरू नये. गरम पाणी का, गज का, तोंड दूर का, हे प्रत्येक ‘का’ शिकणाऱ्याला कळले पाहिजे. कारण ज्याला कारण कळले तो कोणी पाहत नसतानाही नियम पाळतो.

आज्ञापत्रकारांनी दारूला दर पंधरवड्याला ऊन द्यायला सांगितले. नियमांनाही अधूनमधून असे ऊन द्यावे लागते; त्यांची कारणे बाहेर काढून पुन्हा एकदा पाहावी लागतात. आज आपण तेवढेच केले. घरी गेल्यावर भिंतीवर एखादी जुनी बंदूक असेल, तर तिच्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहा. आणि हो, ती रिकामी आहे असे समजू नका.